दिसलं तर दिलं

गेल्या रविवारी आमच्या मॅचला एक नवा रेफरी आला होता. मुलगा चांगला होता, पळत होता, सगळ्यांशी हसून बोलत होता. हाफटाइमला समोरच्या संघाने त्याला वडापाव दिला आणि त्याने तो त्यांच्याच बाकावर बसून, त्यांच्याच गोलकीपरशी गप्पा मारत खाल्ला. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. तो वडापाव संपेपर्यंत माझी नजर त्याच्यावरून हलली नाही, आणि नंतर त्याने आमच्याविरुद्ध दिलेली प्रत्येक फ्री किक मला त्या वडापावाची वाटली. ही खोड मला भालेराव सरांनी लावली.

भालेराव सर शहरातल्या हौशी लीगचे रेफरी होते. नोकरी महापालिकेच्या जकात नाक्यावर झाली. पुढे जकात बंद झाली, सर दुसऱ्या खात्यात गेले आणि तिथून रिटायर झाले, पण नाका काही त्यांच्यातून उठला नाही. कागदावर कांदे लिहिलेत म्हणजे ताडपत्रीखाली कांदेच असतील, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बुटके, काटक, पांढरी बारीक मिशी, काळ्या शर्टाला कडक इस्त्री. गळ्यात शिट्टी आणि खांद्याला चहाचा फ्लास्क. पोरं त्यांना मागून "जकात" म्हणायची. "जकात आली रे" अशी हाक उठली की निम्मा संघ हातातल्या अंगठ्या आणि कडी काढायला लागायचा.

आमचं मैदान नदीकाठचं, म्हणजे नावाला फुटबॉलचं. मधोमध क्रिकेटवाल्यांची सिमेंटची पट्टी, कडेने चालायला येणारे आजी-आजोबा, गोलच्या मागे झोपलेली कुत्री आणि कॉर्नरच्या अलीकडे कुणाची तरी उभी केलेली मोटार. अशा ठिकाणी रेफरीचं निम्मं काम मॅच सुरू व्हायच्या आधीच असतं. सर ते काम झडतीसारखं करायचे. जाळीचा प्रत्येक हूक ओढून बघायचे. बॉल दाबून, उडवून, कानाशी धरून बघायचे. कानाशी का, ते मला कधी कळलं नाही. बुटांचे खिळे, गोलकीपरच्या टॉवेलची घडी, बदली खेळाडूंच्या बॅगा, सगळं उलटंपालटं व्हायचं. मग फक्कीच्या रेघांवरून पावलं टाकत मैदानाला पूर्ण फेरी.

एकदा त्या फेरीत ते आमच्या गोलसमोर थबकले. आमचे मॅनेजर नेने तिथे फक्कीचं रिकामं पोतं झटकत उभे होते. नेने व्यवसायाने इन्शुरन्सवाले. समोरच्याला काहीतरी होणारच आहे अशा चेहऱ्याने बोलतात.

"अहो मॅनेजर, हा बॉक्स लहान का?"

"फक्की संपली हो, सर."

"इकडचीच कशी संपते? तिकडची पुरली की."

नेन्यांना शेजारच्या बांधकामावरून चुना आणावा लागला. पेनल्टी बॉक्स पुन्हा आखून होईपर्यंत सर त्यांच्या डोक्याशी उभे होते.

सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. नावाने हाक मारली की ओळख निघते, ओळख निघाली की लोक बोलतात, असं त्यांचं म्हणणं. खेळाडू म्हणजे नंबर. "अहो अकरा", "अहो चार", अगदी सोळा वर्षांच्या पोरालाही अहो. नावाची हाक त्यांनी माझ्यादेखत एकदाच मारली. एका संघात नवाच स्ट्रायकर आला होता. ओळखपत्र बरोबर, फोटोही बराचसा त्याच्यासारखा, नाव राहुल. सरांनी कार्ड परत दिलं. मुलं वॉर्मअप करत असताना ते सहज त्याच्या पाठीमागे गेले आणि मोठ्यांदा ओरडले, "राहुल!" स्ट्रायकर पळतच राहिला. "ए राहुल!" तरी नाही. तिसऱ्या हाकेला मात्र कुंपणाबाहेर मोटारसायकलवर बसलेला, पायाला प्लॅस्टर घातलेला एक मुलगा म्हणाला, "काय सर?" तो खरा राहुल. भावाच्या जागी भाऊ उतरला होता. सरांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. ताडपत्रीखाली जे असणार हे आधीच माहीत होतं ते निघालं, एवढंच.

आता त्या फ्लास्कबद्दल. सर मैदानावर कुणाचंही काही घेत नसत. चहा नाही, पाणी नाही, लिमलेटची गोळीसुद्धा नाही. हाफटाइमला दोन्ही संघ आपापल्या बाजूला गेले की ते मैदानाच्या बरोबर मध्यभागी उभे राहायचे, फ्लास्कचं झाकण उघडून आत बघायचे आणि आपला चहा उभ्यानेच प्यायचे. आत का बघायचे? घरून निघताना स्वतःच भरलेला चहा! वाटेत कुणी काय केलं असेल सांगता येतं का, असं ते म्हणायचे. लिफ्टही घेत नसत. एका खेळाडूच्या लग्नाला आले, आहेर दिला, वधूवरांना आशीर्वाद दिले आणि पंगत मांडत असतानाच चपला शोधायला लागले. मी म्हटलं, "सर, जेवून जा की." तर म्हणाले, "जेवलो तर रविवारी पेनल्टी देताना श्रीखंड आठवेल."

माझी आणि त्यांची ओळख झेंड्यावरून झाली. मी राहतो वारज्यात आणि नोकरी खराडीला. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याने केलेल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. गुडघा गेल्यावर संघातून बाहेर पडलो आणि नेन्यांनी माझ्या हातात झेंडा दिला. हौशी लीगमध्ये लाइनमनला माणसं कुठून आणणार? मग दोन्ही संघ आपापला एकेक माणूस देतात. म्हणजे चोरीची शक्यता असलेल्या दोघांनाच पहाऱ्यावर बसवायचं. ही पद्धत सरांना मान्य नव्हती, पण इलाजही नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही कुणाचे?"

"वारज्याचा."

"म्हणजे माझे नाही. बॉल रेषेबाहेर गेला की झेंडा वर करायचा. बास. ऑफसाइड मी बघेन."

"पण सर, मी रेषेत उभा असतो. मला जास्त चांगलं दिसेल."

"दिसेल हो. पण ते वारज्याचं दिसणं."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "अहो झेंडा" झालो. कित्येक सीझन त्यांच्याबरोबर धावलो, पण ऑफसाइडच्या बाबतीत त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला राग यायचा. ऑफिसात माझ्या एका शब्दावर लोकांचं काम अडतं आणि इथे हा निवृत्त माणूस मला खांबासारखा उभा करतो.

त्यांचा सगळा कायदा तीन शब्दांचा होता. दिसलं तर दिलं. फाउल दिसला तर दिला, नाही दिसला तर नाही. अंदाजाने शिट्टी मारायची नाही, आरडाओरडा ऐकून तर मुळीच नाही. हल्ली प्रत्येक मॅचला चार मोबाइल शूटिंग करत असतात. एकदा एक वडील तावातावाने मैदानात घुसले आणि सरांच्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणाले, "हे बघा, स्लो मोशनमध्ये स्वच्छ दिसतंय." सरांनी बघितलं नाही. शांतपणे विचारलं, "तुमच्या मोबाइलला शिट्टी वाजवता येते का?" वडील गोंधळले. "मग बाहेर उभे राहा. ज्याला वाजवायची त्याला दिसलं पाहिजे."

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की लोक त्यांना टरकून असतील किंवा त्यांचा मान ठेवत असतील. तसं नव्हतं. जो सगळ्यांवर संशय घेतो त्याच्यावर सगळेच संशय घेतात. एवढा सोवळेपणा कशासाठी, आत काहीतरी असणारच, असं नेने दर रविवारी म्हणायचे. पण कुणाला कधी काही सापडलं नाही. त्या शिट्टीवर डाग नव्हता आणि सरांना तेवढंच जपायचं होतं. रिटायर झालेल्या माणसाला शहरात कोण विचारतं? त्यांना रविवारी बावीस जण विचारत होते. शिट्टी गेली की भालेराव संपले, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

मग त्या वर्षी सर बदलले.

पहिली गोष्ट म्हणजे एका रविवारी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अहो झेंडा, आजपासून ऑफसाइड तुम्ही दाखवा." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आनंद व्हायला हवा होता, पण मला आधी वाटलं की हा सापळा आहे. मी आमच्या बाजूने एक झेंडा दाखवला की हे मला पकडणार आणि लीगमधून हाकलणार. त्या दिवशी मी इतका काटेकोर वागलो की आमच्याच पोरांनी मला शिव्या घातल्या.

दुसरी गोष्ट त्यांच्या पळण्याची. आधी ते मैदानभर फिरायचे. आता कडेकडेने पळायला लागले, खेळ सगळा आपल्या उजव्या हाताला राहील असे. डावीकडून बॉल आला की मान गर्रकन वळवायचे, आणि तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. एक-दोन पेनल्ट्या हुकल्या. लोक हिशेब मांडायला लागले की कुणाच्या बाजूने हुकल्या. ज्यांच्या विरुद्ध हुकल्या त्यांना तो हिशेब लगेच जमला.

आणि तिसरी गोष्ट ती क्लिप. नगर रोडवर सिग्नलला कुणीतरी मोबाइलवर घेतलेली. वाघोलीच्या संघाचा कॅप्टन ओंकार मोटारसायकल चालवतोय आणि मागे एक हेल्मेट घातलेले गृहस्थ बसलेत. चेहरा दिसत नव्हता, पण खांद्याला फ्लास्क होता. क्लिप आमच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. घास तोंडातच राहिला. जो माणूस कुणाची लिफ्ट घेत नाही तो वाघोलीच्या कॅप्टनच्या मागे बसतो? त्यात लीगमध्ये शेवटची मॅच आमची आणि वाघोलीची होती. चषकासाठी आम्हाला बरोबरी पुरणार होती, त्यांना जिंकणं भाग होतं. आणि रेफरी भालेराव.

"विकला गेला म्हातारा," नेने म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं. त्यांनी लीगच्या कमिटीला फोन केला. कमिटीने सरांना विचारलं. सर म्हणाले, "मी कुणाच्या गाडीवर बसलो हे सांगायला मी बांधील नाही. शिट्टी चुकली असेल तर ते विचारा." हे उत्तर ऐकून माझाही संशय पक्का झाला. निर्दोष माणूस असं बोलतो का?

नेन्यांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. सहज गेल्यासारखं करायचं आणि काय ते बघून यायचं, असं ठरलं. सर विश्रांतवाडीला राहायचे. मी ऑफिस लवकर सोडून गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"कशासाठी आलात?"

"काही नाही, घरी चाललो होतो, वाटेत होतं म्हणून..."

"खराडीहून वारज्याला जाताना विश्रांतवाडी लागत नाही. या आत."

मी बसलो आणि पोलिसासारखी नजर फिरवली. नवा टीव्ही? नाही, जुनाच होता, त्यावर विणलेला रुमाल. फ्रीज? त्याला गंज चढलेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली सरांच्या वडिलांचा खाकी कपड्यातला फोटो. खिडकीच्या कट्ट्यावर डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन-तीन बाटल्या होत्या. त्या काकूंच्या असतील म्हणून मी सोडून दिल्या. काकूंनी चहा आणला. मी कप हातात घेतला आणि मनात आलं, हे आपल्याकडे कधी घेत नाहीत, आपण मात्र घेतोय.

"विचारायचंय ते विचारा," सर म्हणाले. "उत्तर देणार नाही. पण विचारा."

"सर, लोक बोलतायत."

"लोक बोलणारच. तुम्हाला त्याची सवय नाही, मला आहे." त्यांनी वडिलांच्या फोटोकडे हात केला. "नाक्यावर लागलो तेव्हा हे म्हणाले होते, दुसऱ्याचं चुकलं तर लोक म्हणतील चुकलं. तुझं चुकलं तर म्हणतील खाल्लं, नाहीतर म्हणतील यांना जमायचंच नाही. आपल्याकडे लोक दोनदा बघणार. तिसऱ्यांदा आपणच आपल्याकडे बघून ठेवायचं. तेवढंच करत आलोय."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नाक्यावरचा नियम सांगावा तसे ते सांगत होते. मला फार वाईट वाटलं. आणि जिना उतरताना लगेच वाटलं, की हे सगळं आपल्याला गार करण्यासाठी तर नव्हतं? नेन्यांना मी सांगितलं, काही सापडलं नाही. नेने म्हणाले, "म्हणजे नीट लपवलंय."

शेवटच्या मॅचला मैदान भरलं होतं. वाघोलीहून टेम्पो भरून पोरं आली होती, आमच्याकडून सोसायटीच्या बायकाही. सरांची झडती नेहमीपेक्षा लांबली. आधीची मॅच घेऊन मानसी नावाची एक तरुण रेफरी निघाली होती, तिला त्यांनी थांबवलं. "मॅडम, बूट काढू नका. मॅच संपेपर्यंत थांबा." मी ते ऐकलं. तिला का थांबवलं असेल? साक्षीला? की काही झालं तर तिच्यावर ढकलायला? माझं डोकं तेव्हा असंच चालत होतं.

पहिला हाफ कोरा गेला. हाफटाइमला सर मधोमध उभे राहिले, फ्लास्कमध्ये बघितलं, चहा प्यायले. दोन्ही बाजूंनी लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. नेने तर ओंकारच्या मोटारसायकलची चौकशी मोठमोठ्याने करत होते, मायलेज किती, मागची सीट कशी आहे. सरांनी झाकण लावलं आणि घड्याळ बघितलं.

दुसऱ्या हाफमध्ये, मॅच संपत आली असताना, वाघोलीचा बॉल सरांच्या डावीकडून आमच्या गोलसमोर आला. चार-पाच जण एकदम उडाले. ओंकार त्यात होता. बॉल त्याला लागून जाळीत गेला. मी रेषेत होतो. मला हात दिसला. कोपराच्या खाली, स्वच्छ. निदान मला तरी तसं दिसलं. आमची सगळी पोरं हात दाखवत सरांकडे धावली, वाघोलीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून नाचायला लागली. सरांची मान वळली ती बॉल जाळीत गेल्यावर.

मी झेंडा वर धरून उभा होतो. सर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "अहो झेंडा, काय दिसलं?"

"हात, सर."

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही कुणाचे?"

मी काय सांगणार? "वारज्याचा," म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ओंकारला बोलावलं. "अहो सात, हात लागला?"

ओंकारने खाली बघितलं. मागे त्याचा अख्खा संघ उभा होता, टेम्पोतून आलेलं गाव उभं होतं. "नाय सर," तो म्हणाला.

सर दोघांच्या मध्ये उभे राहिले. मैदान ओरडत होतं, ते हळूहळू गप्प झालं. मला वाटलं, आता हा माणूस वाघोलीचं देणं फेडणार. सरांनी हात वर केला आणि आमच्या बाकाकडे, त्यांच्या बाकाकडे, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मला दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून हात नाही. गोल."

आमच्याकडून शिव्यांचा भडका उडाला. नेने बाटली फेकायला पुढे झाले होते. पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली.

"आणि समोरची गोष्ट दिसली नाही, म्हणून यापुढे शिट्टी नाही. डाव्या डोळ्याने मला दिसत नाही. मॅडम, या."

मानसी धावत आली. सरांनी खिशातून दुसरी, कोरी शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली, स्वतःचं घड्याळ तिच्या घड्याळाशी जुळवून घेतलं आणि बाहेर चालायला लागले. नेन्यांचा हात बाटलीसकट तसाच वर राहिला होता. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. सरांनी ती उचलून अशी फिरवली की सगळं मैदान उजव्या हाताला येईल, आणि बसले. मॅच वाघोलीने जिंकली. मला हरल्याचं काही वाटलं नाही, असं म्हणणार नाही. वाटलं. पण मी पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडेच बघत होतो.

मॅच संपल्यावर मी ओंकारला गाठलं. तो त्यांच्या थर्मासजवळ कागदी कप घेऊन उभा होता. त्याच्या संघातली पोरं चषक उंचावून नाचत होती आणि हा एकटाच बाजूला होता.

"त्या दिवशी सर तुझ्या गाडीवर कसे?"

"मी डोळ्याच्या दवाखान्यात कामाला हाय, दादा. तपासणीच्या मशिनवर." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "सरांचा काचबिंदू. स्कूटरवर डावीकडनं येनारी हातगाडी दिसली न्हाई, धडकले, तवा कळलं. माझ्याच मशिनवर आले. त्यात काय अस्तं, एकेक ठिपका लागतो, दिसला की बटन दाबायचं. लोकं न दिसता दाबत्यात, अंदाजानं. कुनाला आपल्याला दिसत न्हाई हे कबूल करायचं नसतं. सरांनी डाव्या डोळ्याला नुसता अंगठा बटनावर ठिवला आन् बसून राहिले. एकदाबी न्हाई दाबलं. मीच म्हनलो, सर, लागलेत ठिपके, दाबा की. तर म्हनले, दिसलं तर दाबीन."

सरांच्या खिडकीच्या कट्ट्यावरच्या त्या बाटल्या मला आठवल्या.

"औषध घातल्यावर डोळं धूसर झालं हुतं, गाडीवर कसं सोडनार? जबरदस्तीनं बसवलं. म्हनले, कुनाला सांगू नका, सीझन संपला की मीच सांगनार हाय. मी संघात बी कुनाला सांगितलं न्हाई." त्याने कप घट्ट धरला. "आन् आज मीच त्यांच्या डाव्या अंगाला..."

त्याने थर्मासमधून कपात चहा ओतला आणि खुर्चीकडे गेला. मी मागोमाग गेलो.

"सर, एक सांगायचंय," ओंकार म्हणाला.

"सांगू नका."

"सर, पन तो हात..."

"शिट्टी गळ्यात होती तेव्हा मी विचारलं होतं," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता मी इथे बघायला बसलोय. आता सांगून तुमचं ओझं माझ्या डोक्यावर नका ठेवू, तुमच्याच जवळ राहू द्या. हातात काय आहे, चहा?"

"हां सर."

"ओंकार ना तुम्ही?" त्यांनी हात पुढे केला. "द्या."

ओंकारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मैदानावर सरांनी दुसऱ्याच्या हातचा चहा घेतलेला मी कधी बघितला नव्हता. हे आता रेफरी नाहीत, हे शिट्टी काढली तेव्हा मला कळलं होतं. पटलं ते हा कप हातात घेतला तेव्हा. फ्लास्क खुर्चीच्या पायाशी आडवा पडला होता.

तेवढ्यात नेने आले. त्यांनी दूरवरून सगळं बघितलं असावं. वाघोलीचा चहा चालतो आणि आपला राहतो, हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं. आमच्या थर्मासमधून त्यांनी काठोकाठ कप भरला आणि निम्मा सांडत सरांपुढे धरला. "सर, आमचाही घ्या," ते म्हणाले. "आमचं... चुकलं हो."

सरांनी तोही घेतला. एका हातात वाघोली, दुसऱ्या हातात वारजे. मान वळवून, उजवा डोळा बारीक करून त्यांनी आधी एका कपात बघितलं, मग दुसऱ्या कपात. आम्ही तिघं समोर उभे. त्यांनी या कपातला एक घोट घेतला, त्या कपातला एक घोट घेतला, आणि थोडा विचार केला.

"दोन्ही पाणचट," सरांनी निकाल दिला, आणि दोन्ही कप संपवले.